एका महिन्याच्या गोळ्या

रक्तदाबाची गोळी सकाळी, साखरेची दोन्ही जेवणांनंतर, आणि झोपताना एक बारीक पांढरी, ती कोलेस्टेरॉलची. एवढ्याशा गोळ्यांसाठी रियाधमध्ये दर महिन्याला मी जो आटापिटा केला, तो आठवला की अजून डोकं फिरतं. गावी असतो तर मेडिकलवाल्याला रिकामं पाकीट दाखवलं असतं. त्याने काही न विचारता नवं पाकीट पुढे सरकवलं असतं, वर गप्पा मारल्या असत्या. तिथे कसलं काय! गोळ्या संपत आल्या की आधी क्लिनिकची अपॉइंटमेंट, मग ऑफिसातून सुटायची परवानगी, मग टॅक्सी, मग डॉक्टर, मग विमा कंपनीची मंजुरी येईपर्यंत बाकड्यावर बसून राहायचं, आणि सगळ्यात शेवटी फार्मसीची खिडकी. हे सगळं दुपारच्या अजानच्या आत. अजान झाली की खिडकीचं शटर खाली. मी स्वतः नमाजी माणूस, नमाजाबद्दल माझी काय तक्रार असणार? माझी तक्रार शटरबद्दल. आम्ही नमाज पढून, चपला घालून परत यायचो, तरी ते आपलं खालीच. आत फार्मसीवाल्यांचा चहा चालू.

आणि शटर चुकलं की ऑफिसात उशीर. त्या दिवसांत मला उशीर परवडणारा नव्हता.

ते सौदायझेशनचे दिवस होते. कंपनीत अमुक इतके सौदी हवेतच, असा सरकारी नियम. सरकारच्या हिरव्या, म्हणजे नियम पाळणाऱ्यांच्या, यादीत राहायचं तर बाहेरची माणसं कमी करा. मी एका कंत्राटदार कंपनीच्या खरेदी विभागात होतो. बाजूच्या टेबलावरचा केरळी गेला, समोरचा पाकिस्तानी गेला, एका गुरुवारी चहा देणाऱ्या बांगलादेशीलाही ‘खलास’ म्हणून सांगितलं. त्यांच्या जागी आलेली सौदी पोरं वाईट नव्हती हो. खजूर आणायची, मान द्यायची. पण त्यांना काम शिकवायचं आमच्याच गळ्यात होतं, आणि शिकवून झालं की आपलं काय, हे शिकवणाऱ्याला चांगलं कळत होतं. आमचा मॅनेजर जॉर्डनचा. तोंडाने गोड. परवानगीची चिठ्ठी पुढे केली की म्हणायचा, ‘पुन्हा हॉस्पिटल? तब्येत बरी नाही वाटतं तुझी. मायदेशी जाऊन आराम कर ना.’ हसत म्हणायचा मेला.

घरच्यांच्या इकाम्यावर, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्यावर, फी लागली आणि वाढतच चालली, तेव्हा बायकोला आणि मुलीला मी रत्नागिरीला पाठवून दिलं होतं. मुलगी कॉलेजात होती. तिचं शिक्षण पुरं होईपर्यंत नोकरी टिकवायची, एवढा एकच हट्ट मी धरला होता. फ्लॅट सोडला, एका जुन्या इमारतीत एक खोली घेतली. खोलीत मी, एक गॅस, आणि खिडकीतला एसी. सकाळी उठलो की तो घरघरायचा, रात्री झोपलो की घरघरायचा. मुलीशी फोनवर मी मराठीत बोलायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. लहानपण रियाधच्या इंडियन स्कूलमध्ये गेलेलं, तिची काय चूक? बायकोशी बोलणं व्हायचं ते गॅस सिलिंडर, पाण्याचा पंप, मुलीची फी, असल्याच गोष्टींचं. ऑफिसात अरबी, टॅक्सीत हिंदी. आपली भाषा तोंडात आंबून जायची. एकदा भात करपला तेव्हा मी त्या पातेल्याला मराठीत शिव्या घातल्या आणि इतकं मोकळं वाटलं, काय सांगू!

त्या क्लिनिकमधली डॉक्टर मराठी आहे, हे मला पहिल्याच खेपेला कळलं. एरवी सगळं हिंदीत चाललं होतं. तिच्याकडची केरळची सिस्टर माझ्या दंडाला पट्टा बांधत होती, पट्टा सुटला, पुन्हा बांधला, पुन्हा सुटला. मी म्हटलं, ‘हात्तिच्या!’ टेबलामागून मान वर झाली.

‘मराठी का?’

‘हो मॅडम. रत्नागिरीकडचा.’

‘अगंबाई!’ ती म्हणाली आणि पेन खाली ठेवलं.

चाळिशी ओलांडलेली बाई. केस करकचून बांधलेले, काळ्या अबायावर पांढरा कोट, गळ्यात काही नाही. बोलणं घाटावरचं, ठसक्याचं. मला पहिल्या दिवसापासून ‘भाऊ’ म्हणायची. तिथे मला ‘चाचा’ म्हणणारे होते, ‘सदीक’, म्हणजे दोस्त, म्हणणारे होते, ‘ए हिंदी’ म्हणणारेही होते. भाऊ म्हणणारी ती एकटीच.

पण म्हणून काय तिथे बसून राहायचं? मी पहिल्याच महिन्यात विचारलं, ‘मॅडम, तीन महिन्यांच्या एकदम लिहून द्या ना. दर महिन्याला सुटायला जमत नाही. नोकरीवर येतं माझ्या.’

‘नाही हो भाऊ,’ ती म्हणाली. ‘एकाच महिन्याच्या लिहिता येतात.’

विमा कंपनीचा नियम असणार, असं मी धरून चाललो. तिथल्या नियमांना कारण विचारायची सवय कुणालाच नव्हती. मी विमा कंपनीला मनातल्या मनात लाखोल्या वाहिल्या आणि पुढच्या महिन्याची अपॉइंटमेंट घेऊन निघालो.

मग दर महिन्याला तोच खेळ. मी आत शिरायचो तो घड्याळाकडे बघत. तिला मात्र घाई म्हणून नाही. आधी रक्तदाब घ्यायची. मग म्हणायची, ‘पाच मिनिटं थांबू, अजून एकदा बघू.’ त्या पाच मिनिटांत चौकशी सुरू. काल काय जेवलात? स्वतः करता की हॉटेलातलं? मासे कुठे मिळतात? मी आपला तुटक उत्तरं द्यायचो. डॉक्टर आहे, जेवणाखाण्याचं विचारणारच. एकदा मी सुक्या बांगड्याचं नाव काढलं आणि तिने डोळे वटारले.

‘सुका बांगडा? एवढं मीठ? रक्तदाब आहे तुम्हाला, भाऊ. ते सोडा आधी.’

‘तेही सोडतो. मग गोळ्या कशाला देताय? जगायचं कशासाठी?’

ती हसली. केवढी हसली! मी काही एवढं हसण्यासारखं बोललो नव्हतो. सिस्टर दारातून डोकावून गेली, काय झालं म्हणून. डोळे पुसत ती म्हणाली, ‘बरं, आठवड्यातून एकदा. पण उकळत्या पाण्यातून काढायचा, आणि बरोबर भात कमी.’

‘आणि बरोबर काय खाऊ?’

‘कुळीथ खा की. पिठी येते का करायला?’

येते म्हणजे? कोकणातल्या माणसाला हे विचारायचं? मी तिला पिठी कशी करायची ते सांगितलं. लसूण किती, कोकम कधी, पीठ कोरडं लावायचं नाही, पाण्यात कालवून लावायचं. ती ऐकत होती. तिच्याकडे त्याला हुलग्याचं माडगं म्हणतात, तिखट घालून पितात, असं म्हणाली. ‘पिऊन कितीक वर्षं झाली,’ म्हणाली. तेवढ्यात अजान झाली. माझ्या हातात प्रिस्क्रिप्शन, आणि खाली शटर बंद. इतका संताप आला म्हणता! त्या दिवशी मी ऑफिसात पोचलो तेव्हा मॅनेजर माझ्या टेबलाशी उभा होता. एका सौदी पोराला माझ्या खुर्चीत बसवलं होतं, माझ्याच कॉम्प्युटरवर.

‘फक्त बघतोय तो,’ मॅनेजर म्हणाला.

त्यानंतर मी पक्कं ठरवलं. क्लिनिकात जायचं, दंड पुढे करायचा, कागद घ्यायचा आणि सुटायचं. ती ‘बसा की दोन मिनिटं’ म्हणायची, मी ‘पुढच्या वेळी, मॅडम’ म्हणायचो. तिने गोष्टी सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. तिचा नवरा आणि मुलगा भारतात, ती हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये एकटी, एवढं मला बोलता बोलता कळलं होतं. एकटं तर तिथे अर्धं शहर राहत होतं. मी त्यावर ‘हो का?’ एवढंच म्हटलं असेन. माझे कान बाहेर, अजानकडे.

मग एका महिन्यात तिने काही न विचारता, मी काही न मागता, कॉम्प्युटरवर टकटक केलं आणि म्हणाली, ‘भाऊ, या वेळी तीन महिन्यांच्या दिल्यात.’

मी उडालोच. ‘काय सांगता! नियम बदलला?’

‘बदलला असं समजा.’

‘अहो, देव भलं करो तुमचं! हे आधी झालं असतं तर माझ्या जिवाचा घोर गेला असता.’

‘हो ना,’ ती म्हणाली. मग जरा थांबून, ‘आज घाई आहे का हो?’

‘आहे ना मॅडम. शटर पडेल.’

‘जा मग. जा जा. सुका बांगडा जपून खा.’

मी अक्षरशः जिना उतरून धावलो. खिडकीतल्या माणसाने शटरला हात घातला होता. मी ‘यल्ला, यल्ला’ करत कागद आत सरकवला. कधी नव्हे ते त्याने घेतला. पिशवी भरून गोळ्या! मुअज्जिनचा आवाज चढत होता आणि मी पिशवी छातीशी धरून टॅक्सीला हात करत होतो. ऑफिसात मी गेलेला कुणाला कळलंसुद्धा नाही. संध्याकाळी बायकोला फोनवर सांगितलं, आता तीन महिने मी मोकळा. नोकरी वाचली म्हण.

पहिला महिना मजेत गेला. दुसऱ्या महिन्यात, अपॉइंटमेंटचा म्हणून जो वार ठरलेला असायचा, त्या दिवशी सकाळपासून मला काहीतरी राहिल्यासारखं होत होतं. गॅस बंद केला का, दार लावलं का, सगळं तपासलं. सगळं ठीक होतं. दुपारी कॅन्टीनमध्ये बसलो होतो, आजूबाजूला अरबी, मल्याळम, उर्दू, आणि लक्षात आलं की फोनवरचं सोडलं तर समोर बसलेल्या माणसाशी मराठीत मी कधीपासून बोललेलोच नाही. एक शब्द नाही. त्या दिवशी मला खोलीवर जावंसं वाटेना. बसस्टॉपवर तसाच बसून राहिलो. फार एकटं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आणि मग मी गोष्टी साठवायला लागलो. मासळीबाजारात चक्क मुडदुशा मिळाल्या, हे डॉक्टरीणबाईला सांगायला हवं. भाकरी पहिल्यांदा फुगली, हे सांगायला हवं. मुलीने फोनवर चुकून ‘अब्बा, जेवलात का?’ असं सरळ मराठीत विचारलं, आणि मी फोन ठेवल्यावर रडलो, हे तर तिला नक्की सांगायचं. बायकोला हे सांगितलं असतं तर ती घाबरली असती. त्यात गावचा एक ओळखीचा सुट्टीवरून येत होता, त्याच्याबरोबर मी कुळथाचं पीठ मागवलं. बायको म्हणाली, ‘दोन पिशव्या कशाला? एकटा माणूस, एवढं खाणार आहेस?’ म्हटलं, ‘एक डॉक्टरीणबाईला. माडगं प्यायचं आहे तिला.’

ठरल्या दिवशी मी मॅनेजरला परवानगीची चिठ्ठी नेहमीच्या वेळेच्या बरीच आधीची मागितली. त्याने तोंड वाकडं केलं. केलं तर केलं. अजानला भरपूर अवकाश होता. आज ती ‘बसा’ म्हणायच्या आत मी बसणार होतो.

तिच्या खोलीत एक तरुण सौदी डॉक्टर होता. दाढी नीट कोरलेली, बोलणं अदबीचं, इंग्रजी फाडफाड. मला वाटलं, खोली चुकली. बाहेर येऊन पाटी पाहिली. पाटी नवी होती.

‘डॉक्टर मॅडम?’ मी विचारलं.

‘त्यांचा करार संपला. आता मी आहे. या ना, बसा.’

त्याने रक्तदाब घेतला. एकदाच. कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, गोळ्या त्याच ठेवू म्हणाला आणि तीन महिन्यांच्या लिहून टाकल्या. मी विचारलं, ‘हा नियम नवीनच आला ना? पूर्वी विमावाले एकाच महिन्याच्या देत होते.’

त्याने माझ्याकडे बघितलं. ‘नाही. जुन्या आजारांना तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्यायचं आधीपासूनच आहे. मी इथे शिकाऊ होतो तेव्हाही देत होते. तुम्हाला दर महिन्याला कोण बोलवत होतं?’

‘कुणी नाही,’ मी म्हटलं.

बाहेर येऊन बाकड्यावर बसलो. आधी तर अशी तिडीक गेली डोक्यात! बाईने मला नाचवलं. इतके महिने. मॅनेजरचे ते हसरे टोमणे, माझ्या खुर्चीत बसलेलं ते पोर, टॅक्सीत घामाने भिजलेलो मी, शटर, धावपळ, सगळं काय उगाच? मी तिला सांगितलं होतं, नोकरीवर येतं म्हणून. स्वच्छ सांगितलं होतं. नोकरी गेली असती माझी, तर मुलीचं काय झालं असतं? तिने समोर बसून सांगितलं असतं का, की भाऊ, नियम असा काही नाही, मीच तुम्हाला बोलावते? त्या क्षणी ती दिसली असती तर मी चार खडे बोल सुनावले असते. आणि ते मराठीत सुनावले असते, हे ध्यानात आलं तेव्हा माझा राग कुठे गेला कोण जाणे. मांडीवर कुळथाच्या पिठाची पिशवी होती. घरच्या जुन्या ओढणीच्या तुकड्यात बायकोने ती बांधून दिली होती.

विम्याची मंजुरी केव्हाच आली होती. फार्मसीची खिडकी उघडी, समोर कुणी नाही. मी गोळ्या घेतल्या. अजान व्हायला अजून वेळच होता, आणि त्या वेळेचं काय करायचं ते मला कळेना.

ती केरळची सिस्टर जिन्यावरून खाली येत होती. मला पाहून थांबली. सिस्टर तीच होती, अजून कुणी तिच्या जागी आलं नव्हतं.

‘अरे चाचा! आप आज आया?’ तिचं हिंदी असंच. ‘मॅडम तो चली गयी. आपको मालूम है ना?’

‘हां. आजच कळलं. आज मालूम पडा.’

‘आज?’ तिला ते पटलं नाही. ‘मॅडमने आपको फोन नहीं किया? मेरे को बोली थी, फाइल से नंबर निकालो. मैंने निकालके दिया. फिर बोली, जाने दो, वो ऑफिस में होगा, उसको तकलीफ होगा.’

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

‘जिस दिन आपका नंबर होता था ना,’ सिस्टर सांगू लागली, ‘मॅडम सुबह से पूछती थी, आया क्या, आया क्या. आपके बाद का पेशंट मेरे को बोलके पीछे करती थी. मैं बोली, मॅडम, एक बीपी के पेशंट को इतना टाइम? तो हसती थी.’ तिची नजर ओढणीच्या गाठीवर गेली. ‘ये गांव से आया?’

‘हां.’

‘मॅडम के लिए?’

‘हां.’

‘मालूम था मेरे को,’ ती खुश होऊन म्हणाली. ‘मॅडम सबको बोलती थी, वो मेरा गांव का आदमी है. एकही गांव है ना आप दोनों का?’

त्या बाईचं गाव कुठलं, मला माहीत नव्हतं. घाटावरचं, एवढाच माझा अंदाज, तोही बोलण्यावरून. कोल्हापूरकडचं की साताऱ्याकडचं, की आणखी कुठलं? आपल्याकडे एसटीत शेजारी बसलेल्या माणसालाही आपण आधी गाव विचारतो, मग बाकीचं. तिने माझं विचारलं होतं. माझ्या वाडीचं, मशिदीमागच्या विहिरीचं, खाडीतल्या तरीचं, सगळं तिने एकेक करून काढून घेतलं होतं.

सिस्टर उत्तराची वाट बघत उभी होती.

‘हां,’ मी म्हटलं, ‘एकच गाव आमचं.’

‘तो फिर अच्छा है,’ ती म्हणाली. ‘छुट्टी में जाएगा तो मिलेगा. मॅडम को मेरा सलाम बोलना.’

‘बोलूंगा,’ मी म्हटलं. ‘जाते ही बोलूंगा.’